जिप्सीचं छत उघडतंय, मिटत नाहीये

रविवारी संध्याकाळी दिंडोरीला मामाच्या मळ्यात जिप्सीचं, आत झोपता यावं म्हणून केलेलं, उघडतं छत पहिल्यांदा पूर्ण वर गेलं. तीस अंश, मागची कड जवळजवळ साडेतीन फूट उंच. मामेभावाने शिट्टी मारली. मामी ओट्यावरूनच म्हणाल्या, "आता यात माणसं झोपणार होय रे?" फोटो झाले, चहा झाला. आणि मग ते मिटेना. दोन्ही बाजूंनी कापडाचे दोन फुगे बाहेर आले, एक कडीत अडकला, दुसरा बिजागरीत चेपला. अंधार पडेपर्यंत आम्ही चौघं छताच्या बोकांडी बसल्यासारखे ते दाबत होतो. शेवटी कासऱ्याने बांधून ठेवलं.

त्या रात्री घरी येताना लक्षात आलं की आठ महिने मी फक्त छत उघडण्याचाच विचार करत होतो. वहीतली सगळी चित्रं उघड्या छताची. मिटलेल्या छताचं एकही नाही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. गाडी मारुती जिप्सी, हार्डटॉप. १९८५ साली आलेली, साधी, पाटे असलेली, आधी हजारच्या आत आणि पुढे तेराशे सीसीची ही गाडी अजून का सांभाळतोस, असं विचारणाऱ्यांना मी उत्तर देणं सोडलंय. व्हीलबेस २३७५ मिमी, रुंदी १५४० मिमी. पुढच्या सीटच्या पाठीपासून मागच्या दारापर्यंत माझ्या टेपने ४ फूट ९ इंच भरतात आणि मी स्वतः ५ फूट ९. म्हणजे खाली झोपायचं तर पाय दाराबाहेर, नाहीतर रात्रभर मुटकुळं. माळ्यावरच झोपावं लागणार, आणि माळा करायचा तर छत उचलावं लागणार. (बोलेरोच्या एका मॉडेलचं नावच 'कॅम्पर' आहे. त्यात झोपून बघा एकदा.)

जिप्सीची सोय अशी की तिचं हार्डटॉप फायबरचं आणि बोल्टवर बसलेलं. म्हणून मूळ छताला हातही न लावता भंगारातून दुसरं आणलं. मागे तडकलेलं होतं, पण मला मधला भाग कापूनच टाकायचा होता. मूळ छत गॅरेजमध्ये पुलीवर टांगलेलं आहे आणि तिथेच राहील, कारण मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात मनाने बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठणकावून सांगितलंय. कारखान्यात बनणाऱ्या कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे, पण ते माझ्यासारख्या गॅरेजवाल्यासाठी नाही. त्यामुळे नाशिकच्या पेठ रोडच्या आरटीओतून लेखी परवानगी हातात येईपर्यंत हे छत रस्त्यावर जाणार नाही. दिंडोरीला जिप्सी मूळ छत घालून जाते आणि हे उघडणारं छत मागून छोट्या हत्तीतून येतं. मळ्यात अदलाबदल. हसा, हसून घ्या. मीही हसतो, भाडं देईपर्यंत.

छत कसं उघडावं यावर जुन्या लोकांनी बरंच डोकं लढवलंय. जर्मनीत वेस्टफालियाने फोक्सवॅगनच्या व्हॅन सजवल्या, इंग्लंडमध्ये डॉर्मोबाइलने लँड रोव्हरचं छत एका कुशीवर उघडलं, आत पट्ट्यापट्ट्यांचं कापड. दिसायला ते सगळ्यात देखणं. पण कुशीवर उघडलेल्या छताची उंच भिंत गाडीच्या अख्ख्या लांबीची होते, आणि सह्याद्रीच्या धारेवर पश्चिमेचा वारा काय असतो ते हरिहर किल्ल्याच्या पायथ्याला तंबू उडालेल्या माणसाला विचारा. चारही बाजूंनी सरळ वर जाणारं छत आत प्रशस्त वाटतं, पण कात्रीच्या चार जोड्या एकसारख्या चालायला हव्यात. एक मागे राहिली की ड्रॉवर वाकडा होऊन अडकतो ना, तसं. म्हणून मी पाचर निवडली. बिजागरी पुढे, काचेच्या वर, आणि उघडतं मागून. नाक वाऱ्याकडे करून गाडी लावली की वारा छतावरून घसरून जातो. शिवाय चालत्या गाडीत कडी निसटली तरी समोरचा वारा छताच्या फटीत घुसत नाही. बिजागरी मागे असती तर मगरीचा जबडा झाला असता.

आता छताचं पान. बाहेरून २.१ मीटर लांब, १.२ मीटर रुंद. आत हलका गाभा, वरखाली फायबर. इथे मी जो गाढवपणा केला तो सांगितलाच पाहिजे, म्हणजे कुणाचे तरी पैसे वाचतील. गाभ्यासाठी गुलाबी एक्सपीएसचे तक्ते आणले, म्हणजे थर्माकोलचाच घट्ट भाऊ. त्यावर नेहमीचं पॉलिस्टर रेझिन ओतलं. पाच मिनिटांत तक्ता तव्यावरच्या लोण्यासारखा खाली बसला. पॉलिस्टर रेझिनमध्ये स्टायरिन असतं आणि ते पॉलिस्टायरिनचा फोम विरघळवतं. नावातच लिहिलंय, वाचलं कोणी? इपॉक्सी असं करत नाही, पण त्याचा भाव ऐकून मी दुकानाच्या पायऱ्या उतरलो.

तोडगा द्राक्षवाल्यांनी दिला. ओझर-पिंपळगावकडे कोल्ड स्टोरेज बांधणाऱ्यांकडे पफचे उरलेले तुकडे असतात. हा पॉलियुरेथेन फोम, पॉलिस्टर रेझिनला दाद देत नाही. मोह झाला होता की दोन्हीकडे पत्रा लावलेलं तयार पॅनलच उचलावं. हिशेब केला: ५० मिमी जाडीचं, अर्धा-अर्धा मिमी पत्र्याचं पॅनल चौरस मीटरला जवळजवळ १० किलो, म्हणजे माझ्या मापाला २५. त्याऐवजी २५ मिमीचा नुसता फोम, दोन्ही बाजूंना ४५० ग्रॅमच्या काचधाग्याच्या मॅटचे दोन-दोन थर: साडेअठरा किलो. साडेसहा किलो वाचले, ते डोक्यावरचे, म्हणून घेतले. मध्ये बारा मिमीचा फुगवटा ठेवलाय. सपाट छतावर इगतपुरीचा पाऊस तळं करेल.

कापलेल्या हार्डटॉपच्या कडेने २५ बाय २५ चा, १.६ मिमी जाडीचा चौकोनी पाइप फिरवला, साधारण आठ किलो. हे टाळू नका. फायबरच्या छताचा कणखरपणा त्याच्या कमानीत असतो. मध्ये भोक पाडलं की उरलेला भाग डबा न राहता रिकामी चौकट होतो आणि खड्ड्यात दोन्ही चाकं तिरकी झाली की पिळवटतो. अंबडला ज्यांच्याकडे वेल्डिंग केलं ते अण्णा म्हणाले, "भाऊ, कोपऱ्यात गसेट टाका, नाहीतर महिन्यात परत याल." गसेट म्हणजे कोपऱ्याला जोर देणारे त्रिकोणी तुकडे. टाकले.

फोम, पाइप, बिजागऱ्या, सोलर पॅनल, रंग, निम्मं कापड धरून हलणारं वजन ४५ किलो झालं. त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून १.०५ मीटरवर. म्हणजे मिटलेल्या छताचा खाली खेचणारा जोर सुमारे ४६४ न्यूटन-मीटर. उचलायला डिकीचे गॅसचे शॉकर, दोन. इथेच बहुतेकांची फसगत होते. शॉकरवर ४५० न्यूटन छापलंय, दोनाचे ९००, छत ४५ किलोचं, म्हणजे आपोआप उडेल असं वाटतं. पण मिटलेल्या अवस्थेत शॉकर जवळजवळ आडवा झोपलेला असतो. माझ्या जोडणीत तेव्हा त्याचा टेकूहात, म्हणजे बिजागरीपासून त्याच्या जोराच्या रेषेपर्यंतचं काटकोनातलं अंतर, फक्त १२ सेंमी भरतो. नऊशे गुणिले तेवढंच, १०८ न्यूटन-मीटर. उरलेलं माझ्या हाताला, मागच्या कडेला सुमारे १७ किलो. छत तीस अंशांवर गेलं की तोच टेकूहात ६५ सेंमी होतो आणि शॉकर छतापेक्षा बराच भारी पडतो. खाली ओढायला ९ किलो लावावे लागतात.

मधे कुठेतरी तोल येतो. माझ्याकडे तो साधारण सोळा अंशांवर आहे. त्याच्या वर छत वर जायला बघतं, त्याच्या खाली पडायला. रविवारी आम्ही ज्या टप्प्यात कापडाशी कुस्ती खेळत होतो तो नेमका हाच, आणि बोटं कडेत होती. आता मागच्या कडेला आतून दोन पट्टे लावलेत, ट्रकच्या सीटबेल्टचे. छत त्यांनीच ओढायचं आणि त्यांनीच सावकाश सोडायचं.

३५० चे शॉकर का नाही, असं एकाने विचारलं होतं. उघड्या छतावर त्यांची शिल्लक ५३ न्यूटन-मीटरच राहते. गॅसचा दाब तापमानाबरोबर घटतो. मेच्या ४० अंशांवरून निफाडच्या जानेवारीतल्या ५ अंशांवर आलं की अकरा टक्के गेले. वर दवाने भिजलेलं कापड. पहाटे तीनला छत हळूच अंगावर येऊन बसेल. आणि ४५० चे असले तरी झोपताना टेकू लावायचाच. मामाकडच्या द्राक्षाच्या मांडवाचा जुना अँगल कापून दोन केलेत.

आता कापड. पहिलं मी ट्रकच्या पीव्हीसी ताडपत्रीचं शिवून घेतलं होतं, पाणी अडतं म्हणून. अडतं खरं, दोन्हीकडून. दोन माणसांच्या श्वासाचं पाणी आतून थेंब होऊन टपकतं. वर ती इतकी ताठ की घडीच घेत नाही. फुगे आले ते तिचे. भद्रकालीत जीपची हूड शिवणारे एक चाचा आहेत. त्यांच्याकडे ती ताडपत्री नेली तर त्यांनी चिमटीत धरून सोडून दिली. "साहेब, हे झाकायचं कापड आहे, राहायचं नाही." मग सुती कॅनव्हास. ते आधी भिजवून वाळवायचं, म्हणजे जे आटायचं ते आधीच आटतं आणि धागे फुगून सुईची भोकं बुजतात. न भिजवता मापात शिवलंत तर पहिल्या पावसानंतर छत दोन बोटं कमी उघडेल.

पण खरी शिकवण पुढची. मी बाजूचे त्रिकोण सपाट कापून दिले होते. चाचांनी छत्री उघडून दाखवली, मिटून दाखवली. "घडी कुठं पडायची ते छत्रीला आधीच माहीत असतं. तुमच्या कापडाला कुणी सांगितलंय?" त्यांनी त्रिकोणाच्या मधून, बिजागरीकडून मागच्या कडेच्या मध्यापर्यंत, एक तिरकी दुमड शिवली आणि तिच्यात आतून इलॅस्टिकची दोरी ओवली. छत खाली आलं की दोरी ती दुमड आत ओढते. आधी मी बायकोची जुनी चादर टाचण्या लावून बसवून पाहिली. चालली. चादर परत मागितली गेली आहे.

फुग्यांचं दुसरं कारण इतकं साधं की लिहायला लाज वाटते. मळ्यात डास होते म्हणून आम्ही सगळी दारं-काचा बंद ठेवल्या होत्या. छत खाली येताना आतली हवा जाणार कुठे? तिने कापड बाहेर ढकललं. परवा मागचं दार उघडं ठेवून मिटवलं तर निम्मा फुगा तिथेच गेला.

वजनाबद्दल एक कबुली. पलंगाची फळी, गादी धरून आणि कापलेला भाग वजा करून डोक्यावर ५५ किलो वाढलेत. अंदाजी हिशेबाने गाडीचा गुरुत्वमध्य साडेपाच-सहा सेंमी वर सरकतो. आडव्या उतारावर हे जाणवणारच. पाण्याचा कॅन आणि बॅटरी फरशीला खाली बांधलीय, पण वजन खाली नेणं म्हणजे वरचं कमी होणं नव्हे. सोलर पॅनल छतावरून काढून बाहेर मांडायचं का, यावर मी अजून दोन्ही बाजूंनी बोलतो. सात किलो कमी होतील, पण रोज मांडा, रोज उचला.

कालचा हिशेब: उघडायला वीस सेकंद, मिटवायला दीड मिनिट, एकट्याने, कासरा न लागता. फक्त डाव्या मागच्या कोपऱ्यात कापडाची दोन बोटांएवढी जीभ अजून बाहेर राहते. चाचांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं: फोटोत कापड कळत नाही, छतच घेऊन या. म्हणजे शुक्रवारी पुन्हा छोटा हत्ती.