मामांचा बारकोड आणि अडकलेला रीड

सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्या मामांचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. तिथलं गठ्ठे स्कॅन करायचं सॉफ्टवेअर मीच लिहून दिलंय, खाली पोस्टग्रेस हा डेटाबेस, एक जुना पीसी, ४ जीबी रॅम आणि स्वस्तातली एक एसएसडी, म्हणजे चिपवाली डिस्क. मागच्या महिन्यात संध्याकाळी सहाला टेम्पो भरायच्या ऐन टायमाला मामांचा फोन, "काय बे, नवी डिस्क टाकली म्हणालास ना, मग हे गोल गोल का फिरतंय?" पोरगा गठ्ठ्यावर स्कॅनर मारतो, टीक वाजतं आणि मग दीड-दोन सेकंद काहीच नाही. टेम्पोवाला बिडी पेटवतो, मामा माझ्या नावाने खडे फोडतात.

सहाला नक्की काय होतं तर बॅकअप सुरू होतो, आणि तो त्याच डिस्कवर लिहितो. हो माहितीय मला, त्याच डिस्कवर बॅकअप म्हणजे बॅकअपच नाही, पण दुसरी डिस्क घ्यायची म्हटलं की मामांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

बॅकअप चालू असताना एफआयओ या डिस्कचा वेग मोजायच्या प्रोग्रामने मोजून बघितलं तर गंमतच. अर्ध्याहून जास्त रीड, म्हणजे डिस्कवरून एकेकदा वाचणं, शंभर-सव्वाशे मायक्रोसेकंदात येत होते, म्हणजे एकदम झकास, पण शंभरातले सात-आठ रीड १०० मिलिसेकंदांच्या वर. आणि माझा तो शहाणा कोड एका स्कॅनला दोनशे बारीक रीड एकापाठोपाठ एक करत होता. पंधरा वेळा १०० मिलिसेकंद म्हणजे दीड सेकंद, झालं, टेम्पोवाल्याची बिडी.

आता हे का होतं. एसएसडीच्या आत नॅन्ड फ्लॅशच्या चिप असतात, त्यात डाय, म्हणजे डाटा साठवणारे सिलिकॉनचे तुकडे, आणि बरेच डाय मिळून एका चॅनेलवर लटकलेले असतात, चॅनेल म्हणजे कंट्रोलरकडे, डिस्कचा कारभार बघणाऱ्या चिपकडे, जायचा सामायिक रस्ता. डायमधून एक पेज वाचायला साधारण ५०-१०० मायक्रोसेकंद, लिहायला त्याच्या कितीतरी पट, आणि ब्लॉक पुसायला तर काही मिलिसेकंद. हिशोबासाठी धरा की डायच्या आत वाचायला ६० मायक्रोसेकंद आणि चॅनेलवरून बाहेर आणायला १४. चार रीड एकाच डायवर पडले आणि एकामागून एक झाले तर चार गुणिले ७४, म्हणजे २९६. तेच चार रीड एकाच चॅनेलवरच्या चार वेगळ्या डायवर असतील तर आतलं वाचणं चौघांचं एकदम होतं, फक्त रस्त्यावरून एकेक जण येतो, ६० अधिक ५६, म्हणजे ११६. आणि चार वेगळ्या चॅनेलवर असतील तर ७४ मध्ये खेळ खल्लास. चिप तीच, काम तेच, फक्त कोण कुठे पडलं आणि कुणाला कधी सोडलं एवढाच फरक.

म्हणून कंट्रोलर आलेल्या क्रमाने काम करत नाही. रांगेत डोकावतो, कोणता डाय मोकळा आहे बघतो, मागचा रीड पुढे काढतो. पण त्यासाठी त्याच्यासमोर रांग तर पाहिजे ना! साटा या डिस्क जोडायच्या जुन्या पद्धतीत ३२ कमांडची रांग लावता येते, एनव्हीएमई या नव्या पद्धतीत तर हजारोंनी, आणि माझा कोड एक रीड टाकून त्याचं उत्तर येईपर्यंत हात बांधून बसलेला. कंट्रोलर कितीही हुशार असला तरी एकाच गिऱ्हाइकाची रांग काय लावणार.

आणि डाय लिहिण्यात किंवा पुसण्यात गुंतलेला असेल तर त्यावरच्या रीडला थांबावं लागतं. मामांना हे सांगायला गेलो मागाच्या भाषेत. म्हटलं, समजा दहा माग चालू आहेत आणि एका मागाचा बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, संपला. नवा बीम चढवून धागे जोडेपर्यंत तो माग बंद, बाकीचे नऊ खडखड चालूच, पण गिऱ्हाइकाला हवं असलेलं डिझाइन नेमकं त्याच मागावर लागलेलं असेल तर? मामा म्हणाले, थांबायचं, दुसरं काय, धागे अर्धे जोडून मधेच माग चालवता येतो होय. इथे मात्र फ्लॅश मागाच्या पुढे आहे. पुसणं अर्ध्यात थांबवून तेवढ्यात एक रीड उरकून परत पुसायला लागायची सोय बऱ्याच चिपमध्ये असते, सस्पेंड म्हणतात त्याला. पण ते फुकट नाही, थांबायला-सुरू करायलाही वेळ जातो, आणि प्रत्येक रीडला थांबवत बसलं तर लिहिणाऱ्याचा नंबर कधी लागणार? लिनक्समध्ये एमक्यू-डेडलाइन नावाचा शेड्युलर, म्हणजे डिस्कच्या कामांचा क्रम ठरवणारा, आहे, त्यात हेच भांडण आकड्यात लिहून ठेवलंय, रीडला मुदत ५०० मिलिसेकंद, राइटला ५ सेकंद. वाचणारा समोर वाट बघत उभा असतो, लिहिणारा बहुतेक वेळा मेमरीत टाकून निघून गेलेला असतो, त्यामुळे हा पक्षपात मला पटतो.

आमच्या स्वस्त डिस्कचं दुखणं अजून वेगळं. अशा डिस्क आलेला डाटा आधी एका फास्ट भागात घेतात, तो भरला की आतल्याआत हलवाहलव सुरू, त्यात डिस्क ९३ टक्के भरलेली, मग जागा करायला पुसापुशीही चालूच. अशा वेळी बिचाऱ्या रीडच्या पुढे एक राइट नसतो, अख्खी वरात असते.

शेवटी केलं काय, तर दोनशे रीडची एकच क्वेरी केली आणि पोस्टग्रेसची इफेक्टिव्ह आयओ कॉन्करन्सी ही सेटिंग वाढवली, म्हणजे तो पुढचे रीड आधीच मागवून ठेवतो. आता थांबण्याची बेरीज होत नाही, सगळ्यात उशिरा येणाऱ्याएवढंच थांबावं लागतं. पण त्या उशिरा येणाऱ्याला हलकं समजू नका, शंभरात एकच रीड रखडत असला तरी शंभर रीड एकदम सोडले की निदान एक तरी रखडायची शक्यता ६३ टक्के. हा हिशोब मी कॅल्क्युलेटरवर दोनदा केला, विश्वासच बसेना. म्हणून ते रखडणाऱ्या रीडचं शेपूट पण कापावं लागलं, बॅकअप रात्री दोनला नेला, जुने डिझाइनचे फोटो उडवून डिस्क साठ टक्क्यांवर आणली आणि ट्रिम चालू केलं, म्हणजे उडवलेल्या फाइलींची जागा मोकळी झाली हे डिस्कला कळवणं, जे मी बसवतानाच करायला पाहिजे होतं.

आता टीक वाजलं की लगेच नाव येतं. बॅकअपला वेगळी डिस्क हवीच आहे, मामांना सांगितलंय, ते म्हणतात गड्डा, म्हणजे आमची सोलापूरची जत्रा, होऊ दे मग बघू.