झाकण घट्ट लावून

मंगळवार, रात्री

आज माझ्याकडे स्पीच थेरपीसाठी पावणेतीन वर्षांचा मुलगा आला, आजीचा हात धरून. बसायच्या आधीच आजी म्हणाल्या, "याचे बाबासुद्धा उशिराच बोलले हो, मॅडम." मग पिशवीतून कागद काढले. बेराचा, म्हणजे ऐकू येतं का ते बघायच्या तपासणीचा, रिपोर्ट नॉर्मल. जीव भांड्यात पडला. कान तपासल्याशिवाय मी पुढे जातच नाही.

त्याला कारण माझा मामा. दार आपटलं की तो वळून बघायचा, म्हणून घरचे म्हणत, ऐकू येतं त्याला, बोलायचाच कंटाळा आहे. जिभेला वेखंड उगाळून लावलं, शंखातून पाणी पाजलं. कान तपासले तेव्हा तो सात वर्षांचा होता. भाषा रुजायची वर्षं हातची गेली होती. मोठा, जड आवाज कळणाऱ्या मुलालाही 'स', 'श' ऐकू येत नसतील, हे मला वांद्र्याच्या अली यावर जंग वाचा-श्रवण संस्थेत शिकताना समजलं. त्या रात्री खूप रडले होते.

साबणाच्या फुग्यांची बाटली घट्ट बंद करून आजच्या मुलापुढे ठेवली. त्याने ती फिरवली, झाकण दाताने ओढून पाहिलं आणि शेवटी माझ्या मांडीवर आणून ठेवली. मी गप्प. मनात आकडे मोजत होते. आजींना राहवेना, "म्हण ना रे, फुगा! फु-गा!" मी हळूच त्यांच्या हातावर हात ठेवला. सातपर्यंत आले असेन, तेवढ्यात त्याने बाटलीवरची नजर उचलून थेट माझ्याकडे पाहिलं. ओठ मिटले, उघडले.

"ब."

फुगा, बाटली की बघ, मी विचारलं नाही. झाकण उघडलं. "फुगा! मोठ्ठा फुगा!" आजींनी पदर डोळ्यांना लावला.

निघताना त्यांनी सांगितलं ते मात्र मनातून जात नाहीये. प्लेग्रुपमध्ये सुनेला बजावलंय, घरी इंग्रजीच बोला, दोन भाषांनी मूल गोंधळतं. आजींना इंग्रजी येत नाही. म्हणून गेले सहा महिने त्या नातवाशी जवळजवळ बोलतच नाहीत. दिवसभर त्याच्याजवळ असतं ते एकच माणूस, आणि त्यालाच गप्प बसवलेलं! फार राग आला. दोन भाषा ऐकल्याने मुलाचं बोलणं लांबत नाही, हे सुनेला फोन करून सांगितलं. आजींना म्हटलं, भाजी निवडताना बोला, आंघोळ घालताना बोला, तुमच्या मराठीतच. फक्त मध्येमध्ये थांबा, त्याची पाळी येऊ द्या.

"म्हणजे तुम्ही बाटलीपाशी थांबलात तसं?"

"अगदी तसंच."

जिन्यात त्यांचा आवाज येत होता. "ही एक पायरी. ही दुसरी पायरी. आणि ही..."

मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.