नेपियर छातीएवढं झालं की विळा लावा

संकरित नेपियर डोक्याच्या वर गेलं की मालकाला बरं वाटतं. केवढं गवत, केवढा ढीग! मांसासाठी वाढवायच्या वासराला मात्र त्या उंचीचा काडीचा उपयोग नाही. ४५ दिवसांच्या, छातीएवढ्या नेपियरच्या शुष्क भागात (पाणी वगळून उरलेल्या वजनात) ९ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. तेच गवत ८०-९० दिवसांचं झालं की प्रथिनं ६ टक्क्यांवर येतात, पानं कमी होतात आणि कांडं लाकडासारखं होतं. प्रथिनं ७ टक्क्यांखाली गेली की कोटीपोटातले (जनावराच्या पहिल्या, सगळ्यात मोठ्या पोटातले) सूक्ष्मजीवच उपाशी राहतात. तंतू फुटायला वेळ लागतो, पोट लवकर रिकामं होत नाही, म्हणून वासरू खाणंच कमी करतं. गव्हाण भरलेली आणि वजन मात्र जागच्या जागी, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आता हिशोब. वासराला दिवसाला वजनाच्या अडीच ते तीन टक्के शुष्क भाग लागतो. १५० किलोच्या वासराला म्हणजे चार-साडेचार किलो. हिरव्या गवतात ८० टक्क्यांच्या पुढे-मागे पाणीच असतं, त्यामुळे नुसतं 'एक भारा टाकला' याला अर्थ नाही. आपल्या गवतात नेमकं किती पाणी आहे हे घरच्या घरी काढता येतं. एक किलो कुट्टी (तुकडे केलेलं गवत) पातळ पसरून कडक उन्हात वाळवा, वजन घटायचं थांबलं की पुन्हा मोजा. २०० ग्रॅम उरली तर त्यातही दहाएक टक्के ओल असते, म्हणून शुष्क भाग १८० ग्रॅम धरा. पावसाळ्यात हाच आकडा १४०-१५० पर्यंत उतरतो आणि तेवढ्याच पोषणासाठी गवत वाढवावं लागतं.

१५० किलोच्या वासराची एका दिवसाची वैरण अशी बसते: ४५ दिवसांचं नेपियर १७ किलो, हिरवा लसूणघास ४ किलो, सरकी पेंड अर्धा किलो. प्रथिनांची बेरीज केली तर नेपियरमधून सुमारे २७५ ग्रॅम, लसूणघासातून १४५ आणि पेंडीतून ११० ते ११५. एकूण ५३० ग्रॅमच्या आसपास. एवढ्यावर रोजी अर्ध्या किलोची वाढ धरायला हरकत नाही. हेच नेपियर ९० दिवसांचं असेल तर त्यातून २७५ ऐवजी १८५ ग्रॅमच मिळतात. तुटलेले ९० ग्रॅम भरून काढायला रोज जवळजवळ ४०० ग्रॅम पेंड जादा लागते, तीही प्रत्येक वासराला. शिवाय गवताची पचनीयता घसरलेली असते, ती पेंडीने परत येत नाही. उशिरा कापलेलं गवत 'फुकटात जास्त' दिसतं, पण त्याची किंमत पेंडीच्या पोत्यातून जाते.

लसूणघास नसेल तर चवळी, बरसीम, दशरथ घास, स्टायलो, काहीही द्विदल चालेल. सुबाभूळ एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवा, त्यातल्या मिमोसीन या विषारी द्रव्यामुळे केस गळतात आणि वाढ खुंटते. ओला लसूणघास किंवा बरसीम सकाळी उपाशीपोटी एकटा टाकू नये, पोटफुगी होते. आधी नेपियर, मग तो, किंवा दोन्हींची एकत्र कुट्टी.

पेंड आणि धान्य वजनाच्या अर्ध्या टक्क्यापर्यंत असेल तर गवत खाणं कमी होत नाही. त्याच्या वर गेलात की वासरू तेवढं गवत सोडतं, म्हणजे स्वस्त वैरण काढून महाग खुराक भरला जातो. शरीराचा सांगाडा बनण्याच्या काळात, साधारण १०० ते २५० किलोपर्यंत, हा अर्धा टक्का ओलांडायची गरज नाही असं माझं मत आहे. शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत चरबी चढवायची असेल तेव्हा मक्यासारखं धान्य १० ते १४ दिवसांत हळूहळू वाढवत वजनाच्या एक टक्क्यापर्यंत न्यावं. एकदम वाढवलं तर पोटात आम्ल होऊन जनावर खाणं टाकतं. नुसत्या गवतावरही वासरू तयार होतं, पण वेळ बराच जास्त लागतो आणि चरबीला पिवळसर रंग येतो. तो रंग गवतातल्या कॅरोटीनचा, रोगाचा नाही.

रोज ४५ दिवसांचंच गवत मिळावं यासाठी प्लॉटचे ४५ पट्टे पाडायचे आणि दिवसाला एक पट्टा कापायचा. पाणी आणि खत नीट असेल तर वर्षाला हेक्टरी २०० टन हिरवा चारा आणि आठ कापण्या मिळतात, म्हणजे एका कापणीत चौरस मीटरला अडीच किलो. दहा वासरांना, पुढे वाढणारी भूक धरून, प्रत्येकी २५ किलो धरलं तर रोज २५० किलो, म्हणजे १०० चौरस मीटरचा पट्टा. ४५ पट्ट्यांना ४,५०० चौरस मीटर. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा पट्टा पुरत नाही. त्यासाठी जोमाच्या महिन्यांत पुढे पळालेले पट्टे वेळेवरच कापून मुरघासात (हवाबंद आंबवून टिकवलेल्या चाऱ्यात) घाला. नेपियरला ओल जास्त आणि साखर कमी, म्हणून आधी अर्धा-एक दिवस सुकवून वजनाच्या दोन-तीन टक्के उसाची मळी मिसळावी लागते. नाहीतर मुरघास आंबूस न होता कुजकट होतो.

कापणी जमिनीपासून १०-१५ सेंटीमीटरवर. कुट्टी दोन-तीन सेंटीमीटरची. लांब तुकडे दिले तर वासरं पानं वेचतात आणि कांडं तुडवतात, फार बारीक दिली तर रवंथ कमी होतो. कडबाकुट्टीची पाती बोथट झाली की कांडं कापली न जाता चिंबतात, तुकड्यांच्या टोकांना झुपके दिसतात. ते दिसले की पाती काढून धार लावा. आणि संध्याकाळीच उद्याची कुट्टी करून ठेवायची सवय मोडा. सकाळी ढिगात कोपरापर्यंत हात घातला तर आत चक्क गरम लागतं. ती ऊब म्हणजे जळणारी साखर, आणि वासरू असली कुट्टी नाक लावून सोडून देतं.

नेपियरमधले ऑक्झॅलेट क्षार कॅल्शियम बांधून ठेवतात, कोवळ्या गवतात ते जास्त असतात. म्हणून दिवसाला ३० ग्रॅम खनिज मिश्रण आणि १५-२० ग्रॅम मीठ चुकवू नये. युरिया भरपूर टाकला आणि मागोमाग पाण्याचा ताण बसला किंवा आभाळ दाटलेलं राहिलं, तर बुडख्याकडे विषारी नायट्रेट साचतं. असं गवत थोडं उंचावर कापा, सुक्या वैरणीत मिसळून द्या. ज्वारीचा कोवळा किंवा पाण्याअभावी कोमेजलेला हिरवा पाला तर देऊच नका, त्यातलं विष काही मिनिटांत जनावर आडवं करतं. ओलवट जागेतल्या गवतातून पर्णकृमी (यकृतातले पानासारखे चपटे जंत) येतात, जंतनाशक पशुवैद्याच्या सल्ल्याने वाढीच्या सुरुवातीलाच द्यावं.

सहा महिन्यांच्या आतल्या वासराकडून या वैरणीवर वाढीची अपेक्षा धरू नका, त्याचं कोटीपोट पुरतं तयार झालेलं नसतं.

काटा नसेल तर टेप पुरतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही सेंटीमीटरमध्ये. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले १०,८४०. घेर १२६ आणि लांबी १०३ आली तर वजन १५१ किलो. दर पंधरवड्याला, सकाळी वैरणीआधीच मोजा, कारण भरल्या पोटाचा घेर फसवतो. दोन मापांत वाढ दिसली नाही तर खुराकाला हात लावण्याआधी शेण बघा. घट्ट, थरावर थर बसलेलं असेल तर गवत जून झालंय किंवा प्रथिनं कमी पडताहेत, कापणी आठवडाभर अलीकडे आणा. पाण्यासारखं पसरत असेल तर गवत फार कोवळं आहे, रोज किलोभर सुका कडबा मिसळा. चार दिवसांतही शेण बांधलं गेलं नाही तर जंतांची तपासणी करून घ्या.