रेकॉर्डरला मेनमधून लाइन का देऊ नये

साठ-सत्तर श्रोते मावतील एवढ्याच सभागृहात गाण्याची बैठक असते आणि मी मिक्सरवर बसलेला असतो, तेव्हा ध्वनिमुद्रणासाठी आलेल्या माणसाची मागणी ठरलेली असते : ‘मेनमधून एक लाइन द्या’, म्हणजे सभागृहाच्या स्पीकरकडे जातो तोच मिसळलेला आवाज त्याला हवा असतो. ती मी देत नाही, कारण एकदा दिली होती.

त्या संध्याकाळी तबला इतका खणखणीत होता की त्याचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी, मी जवळजवळ तळाशीच ठेवला होता. हार्मोनियमला माइक नावापुरताच होता. स्पीकरवर भार होता तो गायिकेच्या आवाजाचा आणि तानपुऱ्यांचा. श्रोत्यांना सगळे जिथल्या तिथे ऐकू येत होते, कारण तबला त्यांच्यापर्यंत थेट पोहोचत होता. रेकॉर्डरकडे मात्र मिक्सरमधून गेले तेवढेच गेले, आणि दुसऱ्या दिवशी ऐकताना तबला शेजारच्या घरात वाजत असल्यासारखा वाटला. चूक सर्वस्वी माझी होती.

तेव्हापासून रेकॉर्डरला मी स्वतंत्र ऑक्स देतो, म्हणजे मेनपासून वेगळी, आपल्या तोलाची बाहेरची वाट, आणि तोही प्री-फेडर. प्री म्हणजे आवाज फेडरच्या आधीच वेगळा काढलेला. त्यामुळे सभागृहासाठी तबल्याचा फेडर कितीही खाली असला तरी रेकॉर्डरला तो हवा तेवढा पाठवता येतो. मंचावरच्या मॉनिटरलाही, म्हणजे कलाकारांकडे तोंड केलेल्या स्पीकरलाही, प्रीच हवा, नाहीतर श्रोत्यांसाठी गायिकेचा फेडर चढवला की मॉनिटरही चढतो आणि शिट्टी वाजते. रिव्हर्बचे, म्हणजे आवाजाला घुमारा देणाऱ्या यंत्राचे, गणित याच्या नेमके उलट आहे. तिथे पोस्ट-फेडर, म्हणजे फेडरच्या नंतर काढलेला, ऑक्सच हवा, कारण प्री ठेवला तर फेडर बंद केल्यावरही रिव्हर्बमधून आवाज घुमतच राहतो. रिव्हर्ब मिक्सरच्या ज्या चॅनेलवर (एकेका आवाजाच्या पट्टीवर) परत येतो, त्या चॅनेलवरचा रिव्हर्बचा ऑक्स मात्र शून्यावरच असावा, एरवी आवाज स्वतःच्याच शेपटीमागे फिरू लागतो.

प्री ऑक्सची एक अडचण आहे. गेन, म्हणजे चॅनेलमध्ये शिरतानाच आवाज वाढवणारा नॉब, या ऑक्सच्याही आधी असल्यामुळे कार्यक्रम सुरू असताना गेनला हात लावला की रेकॉर्डिंगचा तोलही ढळतो. शिवाय हा तोल हेडफोनवर जमवणे छोट्या सभागृहात फसवे ठरते, कारण खरा तबला हेडफोनच्या गाद्यांमधूनही कानात शिरतो. म्हणून साउंड चेकच्या वेळी मी मिनिटभर रेकॉर्ड करतो आणि बाहेर जिन्यात जाऊन ऐकतो.

वायर जोडण्यापूर्वी रेकॉर्डरचे इनपुट माइकवर आहे की लाइनवर, हे पाहावे. व्यावसायिक मिक्सरची +४ डीबीयू पातळी म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट, माइक इनपुटची अपेक्षा काही मिलिव्होल्टची असते, त्यामुळे इनपुट माइकवर राहिले तर आवाज फाटतो. त्या इनपुटवरचा ४८ व्होल्टचा फँटम पॉवरही, म्हणजे माइकला वायरीतूनच मिळणारी वीज, बंद करावा.

मिक्सरला एकच प्री ऑक्स असेल तर तो मॉनिटरकडे जातो आणि रेकॉर्डर पुन्हा उपाशी राहतो. अशा वेळी काही अ‍ॅनालॉग मिक्सरवर चॅनेलचा इन्सर्ट, म्हणजे बाहेरचे यंत्र मध्ये जोडण्यासाठीचे छिद्र, कामी येतो : त्यात मोनो जॅक पहिल्या ‘टक्’पर्यंतच घातला की मूळ आवाज न तुटता त्याची एक प्रत बाहेर मिळते, आणि मल्टिट्रॅक रेकॉर्डरवर तबल्याचे दायाँ, बायाँ, गायिकेचा गळा असे सगळे वेगवेगळे घेता येते. असा अर्धवट घातलेला जॅक जरा ओढला गेला तरी निघतो, म्हणून त्या वायरीला टेबलाच्या पायाभोवती एक वेढा देऊन मगच मी ती मिक्सरपर्यंत आणतो.