‘खोली खाली करा’ म्हटलं की लगेच निघू नका
मालकाचा फोन आला आणि मावशीने भांडी पोत्यात भरायलाच घेतली. मी म्हटलं, मावशी, थांब. आधी लेखी नोटीस माग. भाडं थकवू नकोस. तो घेत नसेल तर बँकेतून पाठव, नोंद राहते. आणि कोऱ्या कागदावर सही मुळीच नको!

परस्पर कुलूप बदलणं, वीज-पाणी तोडणं बऱ्याच देशांत बेकायदा आहे, हे भाडेकरूंना कुणी सांगतच नाही, याचा मला फार राग येतो. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या समितीनेही १९९७ मध्ये, घराबाहेर काढण्याआधी पुरेशी आगाऊ सूचना हवी, असं बजावलंय.

कोर्टाचं समन्स आलं तर मात्र तारीख चुकवू नका. एकतर्फी निकाल लागू शकतो. वकील परवडत नसेल तर मोफत कायदेशीर मदत मिळते का, हे त्याच दिवशी विचारा.