जिप्सीचे पाटे, नवे बुश आणि व्हाइटनरची रेघ

मागच्या नोंदीत ज्या आवाजाबद्दल रडलो होतो, तो सापडला. गाडी तीच, १९९९ ची जिप्सी किंग. यवतेश्वर घाट उतरताना ब्रेक दाबला की पुढून डावीकडे 'खट्', सोडला की पुन्हा 'खट्'. शॉक अॅब्सॉर्बर बदलून झाले, स्टीअरिंगचे जॉइंट तपासून झाले, खिसाही हलका झाला. एकाच ब्रेकला दोनदा आवाज येतो म्हणजे अख्खा अॅक्सल मागेपुढे होतोय, हे डोक्यात यायला मला दोन महिने लागले.

टॉमी (लोखंडी दांडा) घालून पाटा, म्हणजे पट्ट्यांची स्प्रिंग, हलवला तर मागचं टोक चॅसिसच्या ब्रॅकेटमध्ये चांगलं दोन-तीन मिलिमीटर सरकत होतं. जिप्सीला पुढचे पाटे शॅकलवर (झुलत्या कडीवर) पुढून झुलतात आणि मागच्या बोल्टावर अडकलेले असतात, म्हणजे ब्रेकचा सगळा धक्का त्या मागच्या बुशवर (बोल्टाभोवतीच्या रबरी अस्तरावर). माझ्या डाव्या बुशचं रबर फुगून मऊ पडलं होतं, नखाने टोकरलं तर काळा गाळ बोटाला लागला. कारण वर बघितल्यावर कळलं. नकलचं (पुढचं चाक जिथे वळतं त्या सांध्याचं) सील गळतंय, आणि गाडी चालली की ते तेल उडून मागे थेट बुशवर. उजवीकडचं रबर मात्र कोरडं, पण कडेने गोल फाटलेलं. हे बुश घालून एकच पावसाळा झालाय! त्यावर पुढे येतो.

घ्यायचे कुठले, यावर दोन रात्री घालवल्या. पॉलियुरेथेनचा लालभडक सेट दिसायला झकास, तेलाला दाद देत नाही, टिकतोही. पण तो पिळ घेत नाही, बोल्टभोवती सरकतो. म्हणजे सिलिकॉन ग्रीस, आणि ते धुऊन गेलं की कुईकुई. शिवाय पाट्यांची गाडी खडकाळ रस्त्यावर वाकडी होते तेव्हा पाटाही पिळवटतो, तिथे रबराचा मऊपणा लागतो. आधीच जिप्सीत बसलं की मणके मोजता येतात, त्यात आणखी कडकपणा कशाला? नाना पेठेतून रबराचेच आणले, सोबत नकलचं सील. सील न बदलता बुश घालणं म्हणजे गळक्या छपराखाली नवी गादी टाकणं.

रविवारी सकाळी चॅसिस घोड्यांवर (आधाराच्या स्टँडवर), अॅक्सल जॅकवर. एका वेळी एकच टोक सोडलं, म्हणजे अॅक्सल जागचा हलत नाही. शॅकलचे अर्धे-अर्धे बुश हातानेच निघाले. मागचा डावा बोल्ट मात्र आतल्या नळीला गंजून एकजीव झालेला. नट निघाला, बोल्ट फिरतो, बाहेर काही येत नाही. रात्रभर तेल, सकाळी हातोडा, मग शेजारच्या काकांचा सल्ला ("अरे, काप की!"), आणि शेवटी हॅकसॉ ब्लेड दोन्ही बाजूंनी. चाळीस मिनिटं आणि तीन ब्लेडं. पाट्याच्या डोळ्यातलं (टोकाच्या गोल भोकातलं) उरलेलं रबर ड्रिलने पोखरून काढलं. नवे बुश साबणाच्या पाण्यावर बसवले. साधं ग्रीस रबराला खातं, ते लावू नका.

आता तो एका पावसाळ्याचा हिशोब. या मागच्या बुशमध्ये सरकणारं असं काही नसतं. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये जखडते, डोळा पाट्याबरोबर हलतो आणि मधलं रबर पिळ घेतं. मागच्या वेळी गॅरेजमध्ये गाडी वर असताना, पाटे लोंबकळत असतानाच बोल्ट करकचून आवळले होते. मी तिथेच चहा पीत उभा होतो. गाडी खाली आली आणि रबर उभ्या जागीच पिळलं गेलं, खड्ड्यात आणखी पिळलं, फाटलं.

म्हणून या वेळी बोल्ट हाताने लावून ठेवले, गाडी चाकांवर उतरवली, चाकांना दगड लावायच्या आधी दोन-चार वेळा पुढेमागे ढकलली, बॉनेटवर बसून दाबली, आणि मग खाली सरपटत जाऊन टॉर्क रेंच लावला. जिप्सी उंच असल्याचा एवढा फायदा.

खात्रीसाठी नळीच्या कडेपासून डोळ्यापर्यंत व्हाइटनरची सरळ रेघ ओढली. जॅकवर उचलल्यावर रेघ मधोमध मोडली, उतरवल्यावर पुन्हा जुळली. ठोसेघरच्या फेऱ्यांत दोनशे किलोमीटर झाले, काल परत पाहिलं, रेघ जागेवर आहे. खट् गेला.

मागचे पाटे पुढच्या महिन्यात. तिथले बोल्ट आजपासूनच तेलात भिजवायला घेतलेत, आणि ब्लेडं सहा आणून ठेवलीत.