तुडतुडीत

गेल्या आठवड्यात लिफ्ट बंद होती. भाजीची पिशवी घेऊन चौथा मजला गाठत होते, तर दुसऱ्या मजल्यावरची नवी सून दारात उभी. म्हणाली, "काकू, किती तुडतुडीत आहात हो तुम्ही!"

कौतुकच केलं बिचारीनं. मी हसलेही. पण उरलेले दोन जिने तो शब्द पायात येत राहिला. तुडतुडीत कुणाला म्हणतात हे मला पक्कं ठाऊक आहे. माझ्या आत्याला म्हणायचे, आणि तेव्हा तिला ७८वं लागलं होतं.

मराठीत या '-ईत'वाल्या शब्दांचं वयाप्रमाणे रेशनिंग आहे. बाळ गुटगुटीत. शाळेत बक्षीस घेणारी चुणचुणीत. बघायला आलेला मुलगा तरतरीत. मग पंचवीसेक वर्षं कुणी काही म्हणत नाही. त्या वयात माणसाला विशेषण नसतं, हप्ते असतात. साठी उलटली की आजोबा ठणठणीत आणि आजी तुडतुडीत. या शब्दाच्या आधी एक 'अजून' असतो. कुणी उच्चारला नाही तरी ऐकू येतो.

चपळ म्हणाली असती तर चाललं असतं. चपळ मूळचा संस्कृतातला चपल. तिकडे त्याची ख्याती फारशी बरी नाही, थाऱ्यावर नसणारा असाही त्याचा अर्थ. विजेलाही चपला म्हणतात. मराठीत येताना 'ल'चा 'ळ' झाला आणि बदनामी बरीचशी धुऊन निघाली. भीमरूपीत समर्थांनी मारुतीला आधी पर्वताएवढा केलंय आणि मग चपळांग म्हटलंय. म्हणजे चपळ व्हायला देह किरकोळ लागत नाही. तुडतुडीतला लागतो. सहा फुटी, आडव्या अंगाचा माणूस कितीही भराभर चालला तरी तुडतुडीत होत नाही. पावलं आखूड हवीत आणि हात रिकामे नकोत.

आत्या तशी होती. मे संपता संपता अंगणात आमसुलं वाळत पडलेली असायची. वळवाचा पहिला टपोरा थेंब पडायच्या आत तिचा पदर खोचलेला आणि सूप हातात. आम्ही पोरं चपला शोधेपर्यंत निम्मी आमसुलं पडवीत. चालताना तिची टाच जमिनीला लागते की नाही, हे मी मुद्दाम वाकून पाहिलं होतं. लागायची, पण नावापुरती.

आणि याच शब्दाचा भाऊ म्हणजे तुडतुडा, आंब्यावरचा किडा. मोहोर आला की हा आलाच. पाचरीसारखा, तांदळाच्या दाण्याहून लहान. मोहोरातला रस शोषतो आणि चिकट, गोड पाणी सोडतो; त्यावर काळी बुरशी चढून पानं चुलीवरच्या भांड्यासारखी होतात. तिकडे कापसावर त्याचाच हिरवट भाऊबंद असतो. पानांच्या कडा आधी पिवळ्या, मग लाल करून ठेवतो. हात लावायला जावं तर सरळ पळत नाही, तिरका सटकतो. वडील कलमाखाली उभे राहून फांदी हलवायचे, की तोंडावर पावसाचा शिडकावा व्हावा तसे तुडतुडे उडायचे. फवारणीच्या पैशांची जुळवाजुळव करताना त्यांच्या नावानं शिव्या, आणि त्याच तोंडानं अंगणाकडे बघून, "ताई बघा आमची, कशी तुडतुडीत!" किडा आधी की विशेषण आधी, मला सांगता येणार नाही. दोघांच्या पोटात आवाज एकच आहे एवढं खरं.

रात्री यांना सांगितलं, तर पेपरातून मान वर न करता म्हणाले, "तुरुतुरु चालतेस खरी." तुरुतुरु! म्हणजे कोंबडीचं पिल्लूच केलं.

काल लिफ्ट सुरू झाली. दुसऱ्या मजल्यावरची सून आतच उभी होती. यापुढे सावकाश, भारदस्त पावलं टाकायची असं मी ठरवलं होतं. पण दार मिटायला लागलं आणि मी पिशवीसकट सुळकन आत.

ती काही बोलली नाही. चारचं बटण तेवढं दाबलं.